धंद्याचं स्प्रेडशीट मॉडेल शून्यापासून कसं बनवायचं: लाकडी घाण्याचं उदाहरण

एक्सेल शिकायचं म्हटलं की बहुतेक जण फॉर्म्युल्यांपासून सुरुवात करतात. व्हीलुकअप, पिव्होट टेबल, मॅक्रो, सगळे व्हिडिओ बघून होतात आणि मग स्वतःच्या धंद्याचं पुढच्या वर्षाचं गणित मांडायला रिकामी शीट उघडली की पहिल्या सेलमध्ये काय लिहायचं तेच सुचत नाही. म्हणून माझं ठाम मत असं की फंक्शन नंतर शिका, आधी एक छोटा, खराखुरा धंदा घ्या आणि तो महिन्यामहिन्याने मांडा, तोही रुपयांपासून नाही तर किलो-लिटरपासून. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, सम, इफ, मिन आणि कर्जाच्या हप्त्यासाठी पीएमटी, एवढं येत असेल तर पहिलं मॉडेल पूर्ण होतं. बाकीचं जसं लागेल तसं येतं.

एक्सेल विकत नसेल घेतलं तर गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क चालेल, दोन्ही फुकट आहेत. फक्त शेवटी एक डेटा टेबल नावाची सोय लागते (दोन आकडे बदलत गेले तर उत्तर काय येतं त्याचा तक्ता ती आपोआप मांडते), ती गुगल शीट्समध्ये नाही, लिब्रेऑफिसमध्ये मल्टिपल ऑपरेशन्स या नावाने आहे.

उदाहरण म्हणून शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा घेऊ. हा धंदा शिकायला फार चांगला, कारण यात कच्चा माल आहे, उतारा (दाण्यातून किती टक्के तेल निघतं ते) आहे, पेंडीसारखा जोड माल आहे, रोखीचं गिऱ्हाईक आहे आणि उधारीवर नेणारा दुकानदार पण आहे. खाली दिलेले भाव आणि खर्च मी हिशोबासाठी धरलेत, तुमच्या तालुक्यातले टाकायचे.

आधी प्रश्न लिहा, मग शीट उघडा

कागदावर एका वाक्यात लिहा की या मॉडेलमधून नक्की काय कळायला हवंय. आपला प्रश्न असा: सहा लाखांचं कर्ज काढून घाणा टाकला तर हप्ता भरून घरात महिन्याला किती येतील आणि कुठल्या महिन्यात पैसे कमी पडतील. प्रश्नात "महिना" हा शब्द आलाय म्हणजे मॉडेल महिन्याचं हवं, वर्षाचं करून उपयोग नाही, कारण वर्षाच्या बेरजेत मधल्या महिन्यातला खड्डा दिसतच नाही. आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो, वर्षाच्या शेवटी नाही.

आता चार शीट करा: गृहीतकं, उत्पादन, पैसे, तपासणी. बस. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद नंतर जोडता येतो, सुरुवातीलाच ते घेतलं की माणूस घसाऱ्यात (मशीनची दरवर्षी घटणारी किंमत) अडकतो आणि पैशाचं चित्र राहून जातं.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा, प्रत्येक शीटमध्ये एप्रिल एकाच कॉलममध्ये यायला हवा. समजा एफ कॉलम एप्रिल, जी मे, असं मार्चपर्यंत, मग उत्पादनात पण एफ म्हणजे एप्रिल आणि पैशात पण एफ म्हणजे एप्रिल. दुसऱ्या शीटमधला आकडा आणताना कॉलमचं अक्षर जुळलं नाही तर लगेच डोळ्यात भरतं. आणि ई कॉलम रिकामा ठेवा, तो का ते पुढे उधारीत कळेल.

गृहीतकांची शीट

इथे फक्त आकडे, फॉर्म्युला एकही नाही. पहिल्या कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात एकक, चौथ्यात हा आकडा कुठून आला ते. चौथा कॉलम लोक गाळतात, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. "शेंगदाणे १२० रुपये किलो" याच्यापुढे "मार्केट यार्डात अमुक तारखेला विचारलेला भाव" असं लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळतं की हा आकडा जुना झालाय. आणि एखादा आकडा निव्वळ अंदाज असेल तर "अंदाज" असंच लिहा, लपवू नका.

आपली गृहीतकं अशी: रोज २० किलोच्या पाच घाण्या, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,५०० किलो शेंगदाणे. तेलाचा उतारा वजनाच्या ४० टक्के, घट ५ टक्के, राहिलेली ५५ टक्के पेंड. शेंगदाणे १२० रुपये किलो, तेल ३२० रुपये लिटर, पेंड ४५ रुपये किलो. बाटली, झाकण, लेबल मिळून लिटरमागे १५ रुपये. दोन माणसांचा पगार २८,०००, भाडं १२,०००, वीज ८,००० आणि इतर ७,०००, म्हणजे ठरलेला खर्च ५५,०००. कर्ज ६ लाख, व्याज ११ टक्के, मुदत ६० महिने. मशीन आणि शेडचा खर्च सुरू व्हायच्या आधीच झालाय असं धरलंय. सगळे भाव जीएसटी सोडून.

हे सगळे आकडे निळ्या रंगात लिहा, आणि बाकी शीटमधले फॉर्म्युले काळ्या रंगात. फायनान्समधे काम करणारे जगभर हाच रंग वापरतात, त्यामुळे तुमचं मॉडेल उद्या सीएने किंवा बँकेने उघडलं तर त्यांना न विचारता कळेल की कुठला आकडा बदलता येतो. आणि सगळ्यात मोठा नियम, फॉर्म्युल्याच्या आत कधीही आकडा टाईप करायचा नाही. किलो गुणिले १२० असं लिहायचं नाही, किलो गुणिले गृहीतकाच्या शीटमधला भावाचा सेल असं लिहायचं. त्या सेलला डॉलरचं चिन्ह लावून पक्का करा (सेल निवडून एफ ४ दाबा), म्हणजे फॉर्म्युला उजवीकडे ओढला तरी तो हलणार नाही.

उत्पादनाची शीट

वरून खाली तसंच लिहा जसं घाण्यात घडतं. शेंगदाणे किलो, त्याच्याखाली तेल किलो, मग तेल लिटर, मग पेंड किलो, मग घट किलो. तेल किलोत निघतं आणि लिटरमध्ये विकलं जातं, आणि एक लिटर शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून किलोला ०.९१ ने भागायचं. हा भागाकार विसरला तर विक्री ९ टक्क्यांनी कमी दिसते. २,५०० किलोतून १,००० किलो तेल, म्हणजे १,०९९ लिटर, आणि १,३७५ किलो पेंड.

मग रुपये. तेलाचे ३,५१,६८०, पेंडीचे ६१,८७५, एकूण ४,१३,५५५. त्यातून शेंगदाण्याचे ३,००,००० आणि बाटल्यांचे १६,४८५ गेले की उरतात ९७,०७०. ठरलेला खर्च ५५,००० वजा केला की ४२,०७०. पीएमटी वापरून हप्ता काढा, तो महिन्याला साधारण १३,०४५ येतो (व्याजदर १२ ने भागायला विसरू नका, आणि पीएमटी उत्तर उणे देतं म्हणून पुढे वजाचं चिन्ह लावा). हप्ता जाऊन शिल्लक २९,०२५.

इथे थांबून गृहीतकात जा आणि उतारा ४० चा ३८ करा. शिल्लक १४,५०० होते. नुसता दोन टक्क्यांचा फरक, जो दाण्याच्या प्रतीवर, ओलाव्यावर आणि घाणा चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, तो अर्धी कमाई खाऊन टाकतो. हे पाहिल्यावर माणूस तेलाची जाहिरात कशी करायची हे सोडून आधी दाणा कुठून घ्यायचा ते विचारायला लागतो, आणि तसंच व्हायला हवं. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आणलं तेव्हा लोकांना त्यात हेच आवडलं होतं, एक आकडा बदलला की सगळा तक्ता परत आपोआप मांडला जातो, खोडरबर घेऊन बसावं लागत नाही.

विक्रीचा अंदाज

आतापर्यंत आपण असं धरलं की जेवढं निघेल तेवढं विकलं जाईल. नव्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात होत नाही. इथे बरेच जण "महाराष्ट्रात एवढं तेल खपतं, त्याचा अमुक टक्का आपला" असं लिहितात, तो अंदाज नाहीये, ती नुसती इच्छा आहे. उलटं चला. एक कुटुंब महिन्याला ३ लिटर नेईल असं धरलं तर १,०९९ लिटरला ३६६ कुटुंबं लागतात, दर महिन्याला, तीच तीच. तुमच्या गावात ३२० रुपयांनी तेल घेणारी ३६६ घरं आहेत का? ती कुठल्या सोसायट्यांत आहेत, किती दुकानांतून जातील, याची यादी करता आली तर आकडा खरा.

मग एक ओळ घाला, महिन्याची विक्री क्षमतेच्या किती टक्के, आणि एप्रिलला ३०, मेला ४५, जूनला ६० असं चढत्या क्रमाने टाका. तेवढाच माल काढायचा असं धरलं तर एक उपयोगी गोष्ट दिसते, ठरलेला खर्च आणि हप्ता मिळून ६८,०४५ आणि पूर्ण क्षमतेवर हातात राहणारे ९७,०७०, भागाकार ७० टक्के. म्हणजे ७० टक्क्यांच्या खाली प्रत्येक महिना तोट्याचा. पहिले तीन महिने कसे निघणार याची सोय आत्ताच करायला हवी.

धंदा जुना असेल तर हे सोपं आहे. मागच्या दोन-तीन वर्षांची महिनावार विक्री घ्या, प्रत्येक महिन्याची विक्री त्या वर्षाच्या सरासरीने भागा, आणि एकाच महिन्याच्या दोन-तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढा. फराळामुळे दिवाळीच्या महिन्याचं उत्तर १ च्या वर येईल, एखाद्या महिन्याचं ०.८ येईल. पुढच्या वर्षाची सरासरी विक्री धरून तिला या आकड्यांनी गुणलं की झाला अंदाज. पण दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, म्हणून त्या दोन महिन्यांचे आकडे त्या त्या वर्षाचं कॅलेंडर बघून हाताने हलवावे लागतात. एक्सेल २०१६ पासून फोरकास्ट शीट नावाचं बटण आहे जे हे आपोआप करतं, पण त्याला दिवाळी सरकलेली कळत नाही, त्यामुळे हाताने केलेलंच मला जास्त भरवशाचं वाटतं.

पैशाची शीट, इथे सगळा जीव आहे

परत पूर्ण क्षमतेच्या आकड्यांवर येऊ, म्हणजे गणित डोळ्यासमोर राहील. समजा निम्मं तेल रोखीने घाण्यावरच जातं आणि निम्मं दुकानदार नेतात, ते पैसे पुढच्या महिन्यात देतात. पेंड रोखीची. शेंगदाणे आपण रोखीने घेतो, कारण नव्या माणसाला यार्डात उधार कोण देणार.

पहिल्या महिन्यात येणारे पैसे: रोखीचं तेल १,७५,८४० आणि पेंड ६१,८७५, एकूण २,३७,७१५. जाणारे पैसे: दाणे, बाटल्या, ठरलेला खर्च, हप्ता मिळून ३,८४,५३०. खात्यात उणे १,४६,८१५. उत्पादनाच्या शीटवर हाच महिना २९,०२५ च्या फायद्यात दिसतोय! दोन्ही आकडे बरोबर आहेत, मधला फरक १,७५,८४० आहे आणि तो दुकानदारांकडे अडकलाय. दुसऱ्या महिन्यापासून दरमहा २९,०२५ साठायला लागतात, तरी सहावा महिना संपताना खातं १,६९० ने उणेच असतं. हा खड्डा म्हणजेच खेळतं भांडवल, आणि चालता धंदा बंद पडतो तो बहुतेक वेळा इथेच पडतो.

फॉर्म्युला असा लिहा: या महिन्याची वसुली म्हणजे या महिन्याची विक्री गुणिले रोखीचा टक्का, अधिक मागच्या महिन्याची विक्री गुणिले उधारीचा टक्का. एप्रिलसाठी "मागचा महिना" म्हणजे ई कॉलम, जो रिकामा ठेवलाय, त्यामुळे तिथे शून्य येतं आणि एफपासून मार्चपर्यंत एकच फॉर्म्युला ओढता येतो. एका ओळीत एकच फॉर्म्युला, हे कायम पाळा, मधल्याच एखाद्या महिन्यात वेगळा लिहिला की पुढे तो कुणालाच सापडत नाही. दुकानदार दोन महिने लावणारे असतील तर गृहीतकात तीन ओळी करा, त्याच महिन्यात किती टक्के, पुढच्यात किती, त्याच्या पुढच्यात किती, आणि तिन्हींची बेरीज १०० येते का ते तपासणीत बघा. तेव्हा एप्रिलच्या आधी दोन रिकामे कॉलम लागतील, म्हणजे डी आणि ई.

मग शेवटच्या ओळी: सुरुवातीची शिल्लक, अधिक आले, वजा गेले, शेवटची शिल्लक, आणि पुढच्या महिन्याची सुरुवात म्हणजे या महिन्याचा शेवट. त्याखाली एकच सेल, बारा महिन्यांतली सगळ्यात कमी शिल्लक, मिन फंक्शनने. तो आकडा उणे आला तर तेवढे पैसे सुरुवातीला हातात हवेत, आणि त्याच्यावर थोडे जास्तच.

जीएसटी इथेच वेगळ्या ओळीत घ्या. पूर्ण क्षमतेवर वर्षाची विक्री ४९ लाखांच्या वर जाते आणि मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, त्यामुळे नोंदणी लागणारच. खाद्यतेलावर ५ टक्के. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर या महिन्याचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जातो, दुकानदाराचे पैसे येवोत न येवोत. आणि सबसिडी मिळणार असेल तर ती पहिल्या वर्षाच्या रोखीत धरू नका. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, सरकारची कर्ज-सबसिडी योजना) ती रक्कम बँकेत तीन वर्षं ठेवीत अडकलेली असते, तिच्यातून दाणे विकत घेता येत नाहीत.

स्वतःचा पगार

ही ओळ जवळजवळ प्रत्येक घरगुती मॉडेलमधून गायब असते, खास करून बायकोने किंवा आईने बाटल्या भरल्या तर ते काम फुकटच धरतात. तसं करू नका. घरच्यांच्या कामाचे महिन्याला २०,००० टाका. आता ४० टक्के उताऱ्याला हप्ता जाऊन ९,०२५ राहतात आणि ३८ ला उणे ५,५००. बँक डीएससीआर बघते, म्हणजे हप्ता भरायला उपलब्ध रक्कम भागिले हप्ता, करपूर्व ढोबळमानाने काढला तर पगार न धरता तो ३.२ दिसतो, पगार धरून १.६९, आणि उतारा ३८ झाला की ०.५८. एकाच्या खाली म्हणजे धंद्यातून हप्ता निघत नाही. बँकेला दाखवायच्या आधी हे स्वतःला माहीत हवं.

आता गोल सीक वापरा, हवं ते उत्तर सांगितलं की त्यासाठी एखादा आकडा किती हवा ते ते उलटं काढून देतं; एक्सेलच्या डेटा टॅबमध्ये व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसखाली आहे. शिल्लक शून्य हवी, बदलायचा सेल तेलाचा भाव, उतारा ३८. उत्तर येतं साधारण ३२५ रुपये २७ पैसे. म्हणजे लिटरमागे सहा रुपये वाढवता आले तरी धंदा उभा राहतो. हे समजल्यावर गिऱ्हाइकाशी घासाघीस कुठपर्यंत करायची ते ठरवता येतं.

मग डेटा टेबल. आडवा शेंगदाण्याचा भाव ११० ते १३५, उभा उतारा ३७ ते ४२, कोपऱ्याच्या सेलमध्ये महिन्याच्या शिल्लकेचा दुवा. हा तक्ता गृहीतकांच्याच शीटवर करावा लागतो कारण बदलायचे सेल त्याच शीटवर असले तरच तो चालतो. उणे आकड्यांना कंडिशनल फॉरमॅटिंगने लाल करा. तो तक्ता छापून घाण्यावर लावण्यासारखा असतो, दाण्याचा सौदा करताना लगेच कामाला येतो, कारण किलोमागे सहा रुपये जास्त दिले तर महिन्याला १५,००० जातात, म्हणजे उतारा दोन टक्क्यांनी घसरल्याइतकेच.

तपासणी

दाणे किलो वजा तेल वजा पेंड वजा घट, उत्तर शून्य. एकूण विक्री वजा एकूण वसुली वजा दुकानदारांकडची बाकी, शून्य. सुरुवातीची शिल्लक अधिक बारा महिन्यांचे आले वजा गेले, वजा मार्चची शिल्लक, शून्य. तिन्हींसाठी इफ लावा, चुकलं तर "बघा" असं येऊ दे, आणि तो सेल प्रत्येक शीटच्या डोक्यावर दाखवा. राउंडिंगमुळे पैशांचा फरक राहतो, म्हणून फरक एक रुपयापेक्षा कमी असेल तर बरोबर धरायचं.

हे नुसतं शिकणाऱ्यांसाठी नाही बरं का. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ, त्यांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या निबंधात सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज काही ओळी आधीच संपली होती आणि पाच देश बाहेर राहिले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून घेतली तेव्हा ते सापडलं. निबंधावर आक्षेप इतरही होते, पण ही चूक एका तपासणीच्या ओळीत पकडली गेली असती, ओळी किती आणि सरासरीत किती धरल्या एवढंच मोजायचं होतं. म्हणून कंट्रोलसोबत टॅबच्या वरचं बटण दाबून सगळे फॉर्म्युले उघडे करून एकदा वाचा, आणि मग गृहीतकात मुद्दाम टोकाचे आकडे टाका. उतारा शून्य केला तर तेलाची विक्री शून्य होते का, कर्ज शून्य केलं तर हप्ता शून्य होतो का, उधारी शून्य केली तर पहिल्या महिन्याची शिल्लक २९,०२५ च्या बरोबर येते का (पगाराची ओळ तात्पुरती शून्य करून). नाही आली तर कुठेतरी फॉर्म्युल्यात टाईप केलेला आकडा लपलाय.

धंदा सुरू झाल्यावर

मॉडेल बँकेत दिलं आणि विसरलं असं करू नका. फाईलची एक कॉपी तशीच जपून ठेवा, तिच्या नावात तारीख घाला, आणि चालू फाईलमध्ये पाचवी शीट करा, प्रत्येक महिन्याला तीन आकडे शेजारीशेजारी, ठरवलेला, झालेला, फरक. सगळ्या ओळींचं नका करू, उतारा, दाण्याचा भाव, विकलेले लिटर आणि दुकानदारांकडची बाकी, एवढ्या चारच. उताऱ्यासाठी घाण्यावर एक वही ठेवा, प्रत्येक घाणीला दाणे किती घातले आणि तेल किती निघालं ते वजन करून लिहायचं, संध्याकाळी घाणा चालवणाऱ्यानेच. तीन महिन्यांचं लिखाण झालं की गृहीतकातल्या ४० पुढचा "अंदाज" पुसून "वहीतली सरासरी" असं लिहा, आणि मग नोव्हेंबरात नवीन दाणा यार्डात यायला लागला की तीन महिन्यांचा साठा एकदम, म्हणजे ७,५०० किलोला ९ लाख घालून, घ्यायचा की नाही ते याच शीटवर मांडून बघा. त्यासाठी साठ्याच्या तीन ओळी लागतील, सुरुवातीचा साठा, खरेदी, वापर.